खंडेनवमीची दहा मिनिटं

आमच्या गल्लीत खंडेनवमीला सकाळी दहा वाजता अलार्मचा भोंगा वाजतो आणि कुणीही दचकत नाही. समोरची हेमा कित्तूर गॅलरीत येते, कानांत बोटं घालून ओरडते, "झाली का हो पूजा?" नव्यानं राहायला आलेलं एखादं कुटुंब तेवढं घाबरून रस्त्यावर येतं. भोंगा दहा मिनिटं वाजतो, मग थांबतो, आणि मी भूपालला चहा देते.

ही प्रथा यांनी पाडली. हे बँकेत मॅनेजर होते, आणि बँकेतल्या माणसाला सगळं जग कुलूप तोडायलाच टपलंय असं वाटत असतं. २०१७ साली सांगलीत विश्रामबागेतला हा बंगला बांधला, तेव्हा भिंतींना रंग लागायच्या आधी अलार्म लागला. जिन्याखाली पत्र्याची पेटी, पेटीत पॅनेल, आणि वीज गेली तर पॅनेल चालवायला पोटात एक बॅटरी. दारांना चुंबकं आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत पांढऱ्या डब्या. डबीसमोरून माणूस गेलं की तिच्यात लाल ठिपका पेटतो. हे सगळं बसवायला आला भूपाल मगदूम, माझाच विद्यार्थी. नववीत विज्ञानाच्या पेपरला चिठ्ठीसकट पकडला होता मी त्याला.

खंडेनवमीला लोक शस्त्रांची, अवजारांची पूजा करतात. यांचं म्हणणं, अलार्म हेही शस्त्रच, आणि शस्त्र नुसतं पुजून भागत नाही, चालवून बघावं लागतं. म्हणून दरवर्षी त्या दिवशी भूपाल यायचा, पेटीला हळदकुंकू लावायचा, झेंडूचं फूल ठेवायचा, मेन स्विच पाडायचा आणि भोंगा बॅटरीवर सोडायचा. मग हे दोघं डोळे मिटून ऐकत उभे. दहा मिनिटं आवाज ताठ राहिला तर बॅटरी वर्षभर साथ देणार. त्याआधी आवाज बसला, तर बॅटरी बदलायची. पाचव्या मिनिटाला बसो नाहीतर साडेनवव्या, निकाल एकच.

शिशाची ती बॅटरी मला आवडायची, कारण तिला खोटं बोलता येत नाही. आत शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल. वीज देता देता आम्ल पातळ होत जातं, आणि आम्ल पातळ झालं की विजेचा दाब उतरतो. पावणेतेरा व्होल्ट, साडेबारा, बारा, साडेअकरा. जिना उतरावा तशी उतरते. पॅनेलला ते दिसतं, भोंग्याला ते सोसावं लागतं, आणि भूपालला ते ऐकू येतं. "बाई, दमली ही," असं तो सातव्या मिनिटालाच म्हणायचा, तेव्हा मला काहीच फरक कळलेला नसायचा. पेपरात चिठ्ठी लागणाऱ्या या मुलाला कान मात्र देवानं दिले होते.

हे गेले २०२९ साली. चार वर्षांनी लिथियम आली.

तुषारनं पाठवली. तुषार माझा एकुलता एक, पुण्याला असतो, सून आणि नात घेऊन. फोनवर म्हणाला, "आई, शिसं आता कुणी वापरत नाही. ही दहा वर्षं चालेल. भूपालदादा बसवून देतील." भूपाल आला, जुनी ओझ्यासारखी बॅटरी काढली, आणि तिच्या जागी तळहातावर मावणारी, पिसासारखी हलकी एक काळी पेटी बसवली. मी विचारलं, "हिच्यावर भोंगा वाजेल ना दहा मिनिटं?" म्हणाला, "दहा काय, तासभर वाजंल की बाई." तेव्हा तो माझ्याकडे न बघता बोलला होता. पण विधवा बाईच्या घरात माणसं जरा मान खाली घालूनच बोलतात, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

त्याच सुमारास माझं नशीब उघडलं, असं मला वाटत होतं.

त्याआधी तुषारचा फोन रविवारी यायचा, रेशनसारखा, ठरलेला आणि मोजका. आता तो नेमका हवा तेव्हा यायला लागला. एकदा न्हाणीघरातून येताना माझा पाय मुरगळला आणि मी बैठकीतल्या कोचावर दोन तास बसून राहिले. कुणाला सांगितलं नव्हतं. अडीचला फोन. "आई, बरं नाही का तुला?" एका भाऊबीजेला माझा भाऊ आला नाही म्हणून मी गॅसच पेटवला नाही. संध्याकाळी फोन. "आज जेवली नाहीस ना?" शाळेतल्या जुन्या बाया जमल्या, तर त्या गेल्यावर पाच मिनिटांत, "काय, आज गोतावळा दिसतोय!"

मी दरवेळी विचारायची, "तुला कसं रे कळलं?" तो हसायचा. "मला न सांगता कळतं, आई."

आणि मी, जिनं एकतीस वर्षं नववी-दहावीच्या वर्गात कारणाशिवाय कार्य घडत नाही म्हणून खडू झिजवला, ती मी गल्लीभर सांगत सुटले की माझ्या लेकाला न सांगता कळतं. रक्ताची ओढ! हेमाची मुलगी नागपूरला असते, तिचा महिन्यातून एक फोन. हेमासमोर मी ही शेखी फार मिरवली. ती ऐकून घ्यायची आणि पदराशी चाळा करत म्हणायची, "नशीब लागतं गं." मला तेव्हा गोड वाटायचं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

या भरवशावरच मी यंदा बंगला विकायला हो म्हटलं. तुषार दोन वर्षं मागं लागला होता की एकटी राहू नकोस, पुण्याला चल. एरवी मी ऐकलं नसतं. अंगणातलं रामफळ मी लावलंय, जिन्याच्या कठड्यावर यांच्या हाताची झीज आहे. पण मनात म्हटलं, न सांगता कळणारं माणूस म्हातारपणी किती जणांना मिळतं? दंतवैद्य नवराबायकोचं गिऱ्हाईक आलं. तुळशीच्या लग्नानंतर खरेदीखत करायचं ठरलं.

म्हणजे यंदाची खंडेनवमी या घरातली शेवटची. म्हटलं, नीट करू.

भूपाल आला. फूल ठेवलं, स्विच पाडला, भोंगा सुरू झाला. मी यांचा जुना, वीज मोजायचा चिमट्याचा मीटर काढून ठेवला होता. दहा मिनिटं मी त्याच्या काट्याकडे बघत उभी. सव्वातेरा व्होल्ट. पहिल्या मिनिटाला सव्वातेरा, दहाव्याला सव्वातेरा. आवाजात तसूभर फरक नाही. भोंगा थांबल्यावर मी म्हटलं, "भूपाल, हिचा दाब उतरतच नाही."

"न्हाईच उतरत, बाई. लिथियमचं तसंच असतंय. भरलेली असू दे न्हाईतर निम्मी, तोंडावर काय दाखवत न्हाई. अन् संपली की एकदम डोळं मिटती."

"मग किती उरलंय ते तिचं तिला कसं कळतं?"

हा वर्गातला प्रश्न होता. खरंच सांगते, त्यात दुसरा काही हेतू नव्हता.

"मोजती की. आत किती करंट आला, भाईर किती गेला. दाबावरनं कळत न्हाई म्हटल्यावर मोजल्याबिगर इलाजच न्हाई."

"किती वेळा मोजते?"

"सेकंदाला हजारदा."

"दहा मिनिटांच्या भोंग्यासाठी सेकंदाला हजारदा?"

भूपालनं मान खाली घातली. तो पेटीवरचं झेंडूचं फूल सरळ करायला लागला. फूल सरळच होतं. ती खाली गेलेली मान मी नववीत बघितली होती, बाकाखाली सरकणाऱ्या हातासकट.

मी त्याला म्हटलं, "स्विच वर कर. आणि स्वयंपाकघरात जाऊन ये."

मीटरचा चिमटा मी बॅटरीतून पॅनेलकडे जाणाऱ्या वायरला लावला. जुनी बॅटरी वीज असेपर्यंत बाजूला बसून राहायची, पॅनेल मेनवर चालायचं. ही तशी नव्हती. लिथियमला सतत काठोकाठ भरलेलं सोसत नाही, म्हणून तिच्यातच तिचा चार्जर, आणि घरची वीज आधी तिच्यात, मग तिच्यातून पॅनेलला. ती मधोमध बसली होती. भूपाल स्वयंपाकघरात गेला, डबीत लाल ठिपका पेटला, काटा अकरा मिलिअँपिअरनं उडाला. त्याला झोपायच्या खोलीत पाठवलं. तेरा. बैठकीत, नऊ. डब्या वीस वर्षांच्या जुन्या, प्रत्येकीची भूक वेगळी झालेली. पाच मिनिटांत मी भिंतीकडे तोंड करून सांगू शकत होते, भूपाल घरात कुठं आहे. मी एक म्हातारी, हातात यांचा मीटर. मग हजारदा मोजणारी काय काय सांगत असेल?

"मोजलेलं कुठं जातं, भूपाल?"

"बाई..."

"कुठं जातं?"

"तुषारच्या फोनवर."

मी खुर्ची ओढून बसले. भूपाल उभाच. मग मी हात पुढं केला, नववीत केला होता तसाच, आणि त्यानं फोन काढून हातावर ठेवला. बसवणाऱ्याला सगळं दिसतं. पाच वर्षांचे माझे दिवस तिथं ओळीनं मांडलेले होते. स्वयंपाकघर, चाळीस मिनिटं. पुढचं दार, दोनदा. पाहुणे, बहुधा चार. आणि प्रत्येक दिवसाखाली एक निळी ओळ, 'सुचवणी'.

पाय मुरगळला त्या दिवसाची तारीख मला पाठ होती. मी ती काढली. 'हालचाल नाही, एक तास पन्नास मिनिटं. सुचवणी: फोन करा. बरं नाही का, असं विचारा.'

भाऊबीज काढली. 'स्वयंपाकघर शून्य. सुचवणी: जेवणाची चौकशी करा.'

नाळ, ओढ, न सांगता कळणं, सगळं त्या निळ्या ओळीत होतं. त्याला शब्दसुद्धा स्वतःचे सुचले नव्हते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुषार म्हणला, आईला कळू देऊ नका, तिला कमीपणा वाटंल. मला बी वाटलं, पोरगं आईची काळजी घ्यायलंय, आपुन कशाला मधी तोंड घाला? चांगलंच हाय की, असं वाटलं बाई."

"दर खंडेनवमीला माझ्या हातचा चहा पीत होतास ना रे?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही. चोर येऊ नये म्हणून लावलेल्या पेटीतून पाच वर्षं माझं घर उचलून नेलं जात होतं, आणि दार उघडून देणारा माझाच विद्यार्थी होता.

तरीही, मी म्हटलं, आरोपीला बोलायची संधी द्यायला हवी. संध्याकाळी मीच तुषारला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले, सुनेची चौकशी केली, मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुषार, तुला रे कसं कळतं माझं सगळं?"

त्यानं फक्त म्हणायला हवं होतं की अगं, ती बॅटरी सांगते. मी थोडी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग पुण्याला जायला भांडी बांधायला घेतली असती. काळजीपोटी केलं म्हणून माफ केलं असतं.

तो म्हणाला, "आतून कळतं, आई. शेवटी नाळ असते ना."

तेवढ्यावर माझं काळीज फाटलं.

रडून झाल्यावर मी वही घेतली. मला दुसरं काही येत नाही, प्रयोग करता येतो. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. प्रश्न लिहिला: तुषारला मी कळते, की बॅटरी कळते? उत्तरावर बंगला ठरणार होता. तुळशीच्या लग्नाला सव्वा महिना होता.

दुसऱ्या दिवशी भूपालला बोलावून सांगितलं. ही काळी पेटी तुझ्या दुकानात न्यायची. तिला चार डब्या जोडायच्या, माझ्या डब्यांइतकीच भूक असलेल्या. माझ्या घरी पूर्वीसारखी शिशाची बॅटरी बसवायची.

"बाई, बॅटरीवाल्या कंपनीला कळलं तर मला यादीतनं काढून टाकतील."

"नववीत मी तुला वर्गाबाहेर काढला होता. मेलास का?"

"आन् ती जागा सांगंल की."

"सांगते का?"

त्यानं जरा विचार केला. "न्हाई सांगत. भिंतीतली वस्तू, ती कशाला जागा सांगंल? तासभर बंद दिसंल, मी सर्व्हिसिंग म्हणून टाकतो." मग हळूच म्हणाला, "बाई, ह्यानं आपला हिशेब मिटला का?"

"मिटला की सांगेन," मी म्हटलं.

दोन दिवसांनी मी त्याच्या दुकानात जाऊन बघून आले. स्टेशन रोडला, एका खोलीचं दुकान. चार कोपऱ्यांत चार डब्या, खाली खडूनं लिहिलेलं: बैठक, झोप, देवघर, स्वयंपाक. भूपाल दिवसभर फिरतीवर असतो, पण दुकानात भोपळ्या नावाचा एक नारिंगी बोका राहतो, आणि त्याची दुधाची वाटी नेमकी 'स्वयंपाक'खाली होती. मी बघत असतानाच बोका वाटीकडे गेला, लाल ठिपका पेटला. मला हसू आलं. त्या आठवड्यात हसले ती तेवढीच.

प्रयोग सुरू झाला. माझ्या घरातल्या पेटीत शिसं होतं आणि मी कुणाच्याही फोनवर नव्हते. सहाव्या दिवशी मला सणसणून ताप आला, मी दिवसभर उठले नाही. फोन नाही. नवव्या दिवशी हेमाकडचे सगळे माझ्याकडे जेवायला होते, घर भरलं होतं. फोन नाही. अकराव्या दिवशी बोक्याला शेजारची एखादी मांजर भेटायला आली असावी, कारण फोन आला. "काय आई, आज गोतावळा?" मी म्हटलं, "हो रे, आहे एकजण." वहीत लिहून ठेवलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी आकाशकंदील लावायला स्टुलावर चढले आणि पडले. उजवा हात मनगटात मोडला, खुबा दणकला. हेमानं आणि तिच्या नवऱ्यानं मिरजेला दवाखान्यात नेलं. मनगटात पट्टी घालून स्क्रू ठोकले. हेमा म्हणाली, "तुषारला कळवते." मी म्हटलं, "नाही."

"अगं, वेडी का तू? पोटचा पोरगा आहे."

"त्याला न सांगता कळतं," मी म्हटलं. आतापर्यंत हे वाक्य मी तिला हिणवायला वापरलं होतं. यावेळी माझा चेहरा बघून तिनं काढलेला फोन परत पर्समध्ये ठेवला. मग मी तिला सगळं सांगितलं, बॅटरीपासून बोक्यापर्यंत. तिनं मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिनं नुसता माझा डावा हात धरला. मग मला रडू आवरलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी हेमा घरी फराळाचं आणायला गेली होती. भूपाल डबा घेऊन आला होता, स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. फोन वाजला. तुषार. मी फोन स्पीकरवर ठेवला, म्हणजे भूपाललाही ऐकू जावं. तो साक्षीदार होता, त्यानं ऐकायलाच हवं होतं.

"आई! काय, जोरात दिसतेस! चकल्या ना?"

औषधांनी माझा घसा बसला होता. आवाज फाटक्या कापडासारखा येत होता. "कशावरून?" मी विचारलं.

"अगं, वास इथपर्यंत येतोय! सकाळपासून स्वयंपाकघरातून हलली नाहीस तू, मला कळतंय." तो हसला. "आतून कळतं, आई. आज तू खुशीत आहेस."

बाहेर ट्रॉलीचं चाक करकरत गेलं. शेजारच्या खाटेवरच्या आजी कण्हत होत्या. कुणीतरी "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणून हाक मारली. हे सगळं त्या फोनमधून पुण्याला जात होतं. माझा बसलेला आवाज जात होता. भूपाल, ज्याला भोंग्याच्या आवाजातला सुईच्या टोकाएवढा उतार कळतो, तो मोसंबी तशीच धरून माझ्याकडे बघत होता. त्याला ऐकू येत होतं. माझ्या मुलाला नव्हतं. त्याला ऐकायची गरजच उरली नव्हती, त्याच्याकडे निळी ओळ होती.

"तुषार," मी म्हटलं, "सकाळपासून स्वयंपाकघरात आहे तो मगदूमांच्या दुकानातला बोका आहे. तुझी बॅटरी तीन आठवडे होत आले, तिथं आहे. मी दवाखान्यात आहे. हात मोडलाय, ऑपरेशन झालंय, त्याला आज तिसरा दिवस."

मग तो म्हणाला, "कुठल्या दवाखान्यात?"

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्याला आधीच माहीत नव्हतं. मला सांगावंसं वाटलं. जीभ उचलली होती. पण त्या पाच वर्षांतले सगळे फोन, ते 'बरं नाही का तुला' आणि ते 'जेवली नाहीस ना', आठवले. मी फोन ठेवला.

तो लगेच वाजायला लागला. बंद झाला की पुन्हा.

"उचला की बाई," भूपाल म्हणाला.

"नाही. घड्याळ बघ."

"काय?"

"घड्याळ बघ. दहा मिनिटं."

तो समजला. त्यानं मोसंबी खाली ठेवली, मनगट वर केलं, आणि खंडेनवमीला आम्ही दोघं उभे राहायचो तसं, फक्त मी आडवी आणि तो स्टुलावर, ऐकत राहिलो. शेजारच्या आजी वैतागल्या, त्यांची मी क्षमा मागितली. तिसरं मिनिट गेलं, चौथं गेलं. पाचव्या मिनिटाला मला वाटलं, दहा झाली तर उचलायचा. उचलायचा आणि सगळं सांगायचं, दवाखान्याचं नाव, वॉर्ड, खाटेचा नंबर. मी मनातल्या मनात खाटेचा नंबर म्हणत होते. सहावं. मी देवाला हात जोडले नाहीत, कारण एकच हात मोकळा होता, पण जवळजवळ जोडलेच.

सातव्या मिनिटाला फोन थांबला. आम्ही आणखी वाट बघितली. पुन्हा वाजला नाही.

मग भूपालचा फोन खिशात थरथरला. त्यानं काढला, वाचला, आणि पटकन मांडीखाली सरकवला.

मी डावा हात पुढं केला.

"बाई, नगा बगू."

मी हात तसाच ठेवला. त्यानं फोन दिला.

तुषारनं लिहिलं होतं: 'भूपालदादा, बॅटरी आजच्या आज आईच्या घरी परत बसवा. आईचं काही कळेनासं झालंय.'

मी ते दोनदा वाचलं. 'कुठं आहे' असं त्यानं भूपाललाही विचारलेलं नव्हतं. घरी मी नव्हतेच. तरी त्याला बॅटरी घरी हवी होती.

फोन परत दिला. "घरी शिशाचीच राहू दे," मी म्हटलं. "आणि त्या दंतवैद्य नवराबायकोला निरोप दे, बंगला विकायचा नाही. माझा हात बरा झाला की मी येऊन त्यांची माफी मागेन."

"देतो बाई." तो घुटमळला. "आन् तुषारला? त्येला काय सांगू? बंगल्याचं तर सांगायला पायजे की."

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "त्याला न सांगता कळतं."